देवळालीचा ताप

इंग्रज माणसाला एखाद्याचं डोकं फिरलंय असं हसत हसत सांगायचं असलं की तो म्हणतो, ‘ही हॅज गॉन डुलाली.’ माणसाचंच असं नाही. ऑफिसातला प्रिंटर डुलाली होतो, हवामान डुलाली होतं, निवडणुकीच्या तोंडावर अख्खा पक्ष डुलाली होतो. पुण्यात नोकरी करताना लंडनच्या मंडळींशी रोजचं बोलणं असायचं. त्यांच्या तोंडून हा शब्द इतक्यांदा ऐकला की तो त्यांच्याकडच्या एखाद्या बडबडगीतातला असावा असं मी धरून चाललो होतो. मग कधीतरी कोशात पाहिलं, तर व्युत्पत्तीच्या जागी आमच्या पुढचं स्टेशन. मी नाशिकरोडचा. मुंबईकडे निघालं की पहिलं येतं ते देवळाली.

आमच्या लेखी देवळाली म्हणजे लॅम रोडची झाडं, पारशी-गुजराती लोकांची जुनी सॅनेटोरियमं आणि तोफखान्याच्या सरावाचे लांबून येणारे आवाज. मुंबईची माणसं तिथं हवापालटाला येत. जिथं लोक बरे व्हायला जातात त्या गावाच्या नावानं इंग्रजीत वेडसरपणा ओळखला जावा, हे कसं काय झालं असेल?

झालं ते एका वेळापत्रकामुळं. इंग्रजांनी १८६१ मध्ये देवळालीला छावणी उभारली. मुंबईहून रेल्वेनं सुमारे १८० किलोमीटर, घाटमाथ्यावरची जागा. बोटीतून उतरलेल्या गोऱ्या पलटणी आधी इथं येत आणि इथून देशभर जात. नोकरीची मुदत संपलेले शिपाईही मायदेशी जाण्याआधी इथंच जमा होत. पण सैनिकांना नेणारी जहाजं पावसाळा सरल्यापासून मार्चपर्यंतच सुटायची. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली त्याला पुढच्या हंगामापर्यंत बसून राहणं भाग. नोकरी संपलेली, घर समुद्रापलीकडे, आणि मध्ये सहा महिने देवळाली.

फ्रँक रिचर्ड्‌स नावाचा वेल्श पलटणीतला साधा शिपाई विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात होता. १९३६ मध्ये छापलेल्या आठवणींत त्यानं या छावणीचं वर्णन केलंय. मुदत संपलेल्यांजवळ ना बंदूक ना साहित्य. अधूनमधून कपड्यालत्त्याची तपासणी, कधीमधी एखादी लांबची कवायत, बाकी दिवसभर काही म्हणजे काही नाही. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक डाग नव्हता असे शिपाई इथं असं काहीतरी करून बसत की घरी जाण्याआधी तुरुंगाची वारी होई. कुणी गुप्तरोग घेऊन इस्पितळात पडे. म्हणून एखादा चमत्कारिक वागायला लागला की बाकीचे म्हणत, याला ‘डुलाली टॅप’ झाला. छावणीतल्या कंटाळ्यातूनच हे बोलणं निघालं असावं, असं रिचर्ड्‌सचं मत.

पुढं सांगणाऱ्यांनी गोष्टीत बरीच भर घातली. कुणी वेड्यांचं इस्पितळ आणलं, कुणी मलेरिया, कुणी रणरणतं ऊन. मला रिचर्ड्‌सचंच पटतं. एप्रिल-मेमध्ये देवळाली तापते, नाही असं नाही. पण पंजाब-सिंधचे उन्हाळे काढलेल्या शिपायाला ते ऊन काय करणार? ‘सुटलो एकदाचा’ आणि ‘अजून सहा महिने’ यांच्या मध्ये माणूस अडकला की त्याचं काय होतं, हे सरकारी कामानिमित्त ज्यानं नुसती महिनाभर वाट पाहिलीय त्याला विचारावं.

त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. डुलाली टॅप, अर्थात देवळालीचा ताप. मराठी माणसाला हे समजावून सांगायलाच नको, आपण उठताबसता ‘डोक्याला ताप’ म्हणतो. इंग्रजी कानाला मात्र ‘टॅप’मध्ये नळ नाहीतर टिचकी ऐकू येणार. सैनिकांच्या आणि खलाशांच्या बोलीचा एक कोश १९२५ मध्ये निघाला, त्यात हा शब्द शेपटासकट आहे. नंतर शेपूट गळलं, नुसतं डुलाली राहिलं. वाट पाहण्याची ती छावणी गेली, जहाजांचा हंगाम गेला, वाट पाहणारे शिपाई केव्हाच मातीत गेले. २००९ मध्ये पुण्यात एका बिअर ब्रुअरीनं हेच नाव घेतलं आणि शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये महाराष्ट्रात परत आला. शनिवारी संध्याकाळी तिथं बसलेल्यांपैकी कुणाला नाशिक जिल्ह्याची आठवण येत असेल असं वाटत नाही. येण्याचं कारणही नाही.

स्लँगबद्दल वाचायला लागल्यापासून मला हेच पुन्हा पुन्हा दिसत आलंय. शब्द कुणाच्या तरी अडचणीतून निघतो. ज्यांची अडचण आहे त्यांच्यातच तो आधी फिरतो. मग तो दुसऱ्यांना आवडतो आणि शब्द गाडीत बसतो, अडचण फलाटावर राहते.

‘ब्लायटी’ घ्या. विलायत हा अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द, मुळात राज्य किंवा प्रांत या अर्थाचा. हिंदुस्थानात तो दूरच्या मुलखाला आणि पुढं इंग्लंडला चिकटला. विलायती औषध, विलायती दारू, विलायती चिंच (ती बिचारी मेक्सिकोकडची). गोऱ्या शिपायाच्या कानावर ‘बिलायती’ पडलं, जिभेवर ‘ब्लायटी’ झालं, आणि आपण परक्या देशासाठी वापरत होतो त्याच शब्दानं तो आपल्या घराला हाक मारू लागला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या खंदकांत या शब्दाला आणखी एक अर्थ फुटला. जीव घेणार नाही पण घरी पाठवेल अशी जखम म्हणजे ‘ब्लायटी’. हाताला गोळी लागलेल्या सोबत्याचा लोक हेवा करत. काहींनी तशी जखम स्वतःच करून घेतली; पकडले गेले त्यांच्यावर लष्करी खटले चालले. आज हाच शब्द स्पेनच्या किनाऱ्यावरून सुट्टी संपवून परतलेला ब्रिटिश माणूस पाऊस आणि चहाच्या संदर्भात वापरतो. तोही डुलालीसारखाच गोंडस झालाय.

कोणता शब्द जगेल आणि कोणता मरेल, हे मात्र कुणाला सांगता आलेलं नाही. जोनाथन स्विफ्ट या इंग्रजी लेखकानं १७१० मध्ये ‘टॅटलर’ या नियतकालिकात फॅशनेबल लोकांच्या तुटक्या शब्दांवर तोंडसुख घेतलं होतं. त्याच्या यादीत ‘पॉझिटिव्ह’चा ‘पॉझ’ होता आणि ‘मोबिले वुल्गुस’ (चंचल जमाव) या लॅटिन शब्दांचा ‘मॉब’ होता. ‘मॉब’ला आणि ‘बँटर’ला (थट्टामस्करी) अडवण्यासाठी आपण कित्येक वर्षं झटलो, पण समोरची संख्याच मोठी पडली आणि मदतीचं वचन देणाऱ्यांनीच दगा दिला, असं तो लिहितो. त्याचा वैताग वाचताना हसू येतं आणि जरा आपुलकीही वाटते. शुद्धलेखनावरून भांडणारी अशी माणसं प्रत्येक मराठी घरात असतात. ‘पॉझ’ संपला. ‘मॉब’ कायद्याच्या भाषेत गेला आणि आज मराठी बातम्यांत ‘मॉब लिंचिंग’ म्हणून येतो. स्विफ्टला जे नको होतं ते अशा ठिकाणी पोचेल असं त्याच्या रागालाही सुचलं नसतं.

काही शब्द अडचणीतून येतच नाहीत, निव्वळ टवाळखोरीतून येतात. ते सगळ्यांत लांब जातात, कारण मागं टाकायला त्यांच्याजवळ काही नसतं. १८३० च्या दशकाच्या शेवटी बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं छापायची टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’ची आद्याक्षरं ‘ओ’ आणि ‘के’ अशी, म्हणजे सगळं बरोबर आहे असं सांगणारी दोन्ही अक्षरं चुकीची. हा विनोद २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापून आला. पुढच्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी त्यांच्या किंडरहूक या गावावरून ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणत तीच अक्षरं प्रचारात वापरली. व्हॅन ब्युरेन पडले, ओके राहिला. शंभरावर वर्षं लोक त्याची मुळं नाही नाही त्या भाषांत शोधत होते. १९६० च्या दशकात ॲलन वॉकर रीड या भाषाभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून हे प्रकरण मिटवलं. जून २०२२ मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगार आणि हाटील यांचं वर्णन करून ‘ओक्के’ म्हटलं आणि अख्ख्या महाराष्ट्रानं ते उचललं, तेव्हा बॉस्टनमधल्या त्या संपादकाचा विनोद १८३ वर्षांचा झाला होता. त्यातल्या चुकीच्या स्पेलिंगचा तोवर पत्ताही उरला नव्हता.

पण मला खरं बोलायचंय ते ‘वोक’बद्दल. हा शब्द इतका हसत सोडून देता येत नाही.

मार्च १९३१ मध्ये अलाबामात मालगाडीतून प्रवास करणाऱ्या नऊ काळ्या मुलांवर दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार केल्याचा आरोप झाला. सगळ्यांत लहान मुलगा तेरा वर्षांच्या आसपासचा. स्कॉट्सबरो गावात, फक्त गोऱ्यांच्या ज्यूरीपुढं, आरोपानंतर काही आठवड्यांच्या आत त्यांतल्या आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. पुढं त्या दोघींपैकी एकीनं साक्ष फिरवली, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, फाशी कुणालाच झाली नाही. पण वर्षानुवर्षं तुरुंग झाला. लेड बेली या काळ्या गायकानं त्यांच्यावर गाणं रचलं. १९३८ च्या ध्वनिमुद्रणात गाणं संपल्यावर तो साध्या आवाजात सांगतो की, त्या भागातून जाणाऱ्यांनी जरा जपून असावं, ‘स्टे वोक’, डोळे उघडे ठेवावेत. काळ्या अमेरिकनांच्या इंग्रजीत ‘अवेक’ म्हणजे जागं, त्याच्याऐवजी ‘वोक’ चालतं. सल्ला अगदी व्यवहारातला होता. झोपलात तर मराल.

१९६२ च्या मे महिन्यात विल्यम मेल्विन केली या पंचविशीच्या आत-बाहेरच्या काळ्या लेखकानं ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुरवणीत एक लेख लिहिला. शीर्षकातच ‘वोक’ होतं. विषय असा की, काळ्या वस्तीतले शब्द बीटनिक म्हणवणारी गोरी, बंडखोर पोरं उचलतात, आणि गोऱ्यांच्या तोंडात ते ऐकू आले की काळी माणसं ते टाकून नवे घडवतात. मी हा लेख वाचला तेव्हा खुर्चीत सरळ होऊन बसलो. ‘वोक’चं पुढं जे होणार होतं त्याची रीत त्याच लेखात सांगून ठेवली होती, तीही ‘वोक’ हाच शब्द मथळ्यावर लावून.

मग बरीच वर्षं तो आपल्या घरातच राहिला. २००८ मध्ये एरिका बाडू या काळ्या गायिकेच्या एका गाण्यात ‘आय स्टे वोक’ असं पालुपद आलं. ऑगस्ट २०१४ मध्ये फर्ग्युसन गावात मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा काळा मुलगा पोलिसाच्या गोळीनं मेला, आणि रस्त्यावर उतरलेल्यांनी एकमेकांना पुन्हा तेच सांगितलं, ‘स्टे वोक’. लेड बेलीच्या आणि त्यांच्या सांगण्यात कणभर फरक नव्हता. फरक फोनचा होता. तीन वर्षांत हा शब्द टी-शर्टवर, जाहिरातींत, सगळीकडे दिसू लागला. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशानं त्याची या अर्थानं नोंद घेतली. आणि जवळजवळ त्याच सुमाराला तो उलटला. ‘वोक’ म्हणजे दिखाऊ सज्जन, मग ‘वोक’ म्हणजे ऊठसूट दुखावणारा, मग ‘वोक’ म्हणजे आपल्याला न आवडणारं जे जे काही असेल ते. २०२२ मध्ये फ्लोरिडानं ‘स्टॉप वोक’ या नावानं ओळखला जाणारा कायदा केला. गव्हर्नर रॉन डिसँटिस त्या वर्षी निवडून आल्यावर म्हणाले की, फ्लोरिडा ही ‘वोक’ जिथं मरायला येतं ती जागा आहे. टाळ्या पडल्या. ज्या शब्दाचा अर्थ ‘मारले जाऊ नका’ असा होता, त्याच शब्दाला मारून टाकण्याबद्दल.

आपल्याकडे हा शब्द आला तो थेट शिवी होऊन. त्याचं आधीचं आयुष्य इथं कधी पोचलंच नाही. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी झाडं तोडण्याविरुद्ध चार ओळी लिहिल्या तरी ‘वोक आलास का’ असं उत्तर येतं. त्या ग्रुपवरच्या एका मित्राशी माझा यावरून वाद झाला. त्याचं म्हणणं, शब्दांना मालक नसतो. तू डुलाली हसत वापरतोस, मग मी वोक वापरला तर बिघडलं कुठं? प्रश्न चोख होता, लगेच उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं ते एवढंच: देवळालीत जहाजाची वाट पाहणारा शिपाई आता कुणी नाही. ‘डुलाली’ची ज्यांना गरज होती ती माणसं संपली, शब्द मोकळा झाला. ‘वोक’ची गरज संपलेली नाही. ज्यांना ती आहे त्यांच्या हातातून शब्द काढून घेतला आणि त्यांच्याच अंगावर फेकला. मित्राला हे पटलं नाही. त्यानं अंगठा पाठवला.

गरज संपल्यावर काय होतं त्याचा एक चांगला दाखला लंडनमध्ये आहे. पुरुषांमधले समलिंगी संबंध इंग्लंडमध्ये गुन्हा होते तेव्हा नाटकांतली, बोटींवरची, बारमधली माणसं ‘पोलारी’ नावाची बोली बोलत. थोडी इटालियन, थोडी सर्कसवाल्यांची भाषा, थोडे उलटे केलेले इंग्रजी शब्द. चांगल्याला ‘बोना’, बघण्याला ‘वाडा’, पुरुषाला ‘ओमी’. केस म्हणजे ‘हेअर’, तो उलटा करून ‘राया’. आपल्या पोरांची ‘च’ची भाषा असते तशीच युक्ती, फक्त पकडलं गेलं तर इथं तुरुंग होता. समोरच्याला एखादा शब्द टाकून पाहायचा. त्याला कळला तर तो आपला, नाही कळला तर काही बिघडलं नाही. १९६५ ते १९६८ या काळात बीबीसी रेडिओवरच्या एका विनोदी कार्यक्रमात ज्युलियन आणि सँडी ही दोन पात्रं बिनदिक्कत पोलारी बोलायची आणि रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसलेली सभ्य कुटुंबं हसायची. १९६७ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा बदलला. गुपित रेडिओवर उघडं पडलेलं आणि त्याची निकड कायद्यानं कमी केलेली, अशा दुहेरी माऱ्यात पोलारी ओसरली. ‘नॅफ’सारखे काही शब्द मागं राहिले. म्हणजे टुकार, गावठी. ब्रिटिश लोक आज तो पडद्याच्या कापडाबद्दलही वापरतात. इथं मला वाईट वाटत नाही. ती बोली मेली कारण तिची माणसं मोकळी झाली.

आता नव्या अडचणी माणसं निर्माण करत नाहीत, यंत्रं करतात. टिकटॉकवर मृत्यूचा, आत्महत्येचा उल्लेख केला तर व्हिडिओ दाबला जातो, या भीतीनं तरुण मुलांनी ‘अनअलाइव्ह’ हा शब्द पसरवला. तो मूळचा २०१३ च्या एका स्पायडरमॅन कार्टूनमधला विनोद: लहान मुलांच्या कार्यक्रमात ‘किल’ म्हणायचं नाही म्हणून डेडपूल हे पात्र ‘अनअलाइव्ह’ म्हणतं. पुढं ज्यांना खरोखर स्वतःच्या मनातलं काळंबेरं सांगायचं होतं त्यांना हाच शब्द उपयोगी पडला. यंत्राच्या डोळ्यांत धूळ फेकून एकमेकांशी बोलता आलं. २०२४ मध्ये सिएटलच्या एका संग्रहालयात गायक कर्ट कोबेनच्या मृत्यूबद्दलच्या फलकावर ‘अनअलाइव्ह्‌ड’ लिहिलेलं दिसलं आणि लोक भडकले, फलक बदलावा लागला. भिंतीवरच्या फलकाला कोणत्या अल्गोरिदमची भीती होती? कुणाचीच नाही. ज्यानं लिहिलं त्याला तो शब्द सभ्य वाटला असणार. तोंड बंद करणाऱ्याला चुकवायला काढलेला शब्द, आणि दशकभरात तोच सोवळं होऊन बसला. एरवी असं व्हायला शंभर वर्षं लागायची.

माझी भाची न्यू जर्सीत असते. बारा वर्षांची. गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तिला वय, उंची, फराळाचे लाडू, काहीही विचारलं तरी ती दोन्ही तळवे वर-खाली करत ‘सिक्स-सेव्हन’ म्हणायची आणि तिचा धाकटा भाऊ जमिनीवर लोळायचा. फिलाडेल्फियाच्या स्क्रिला नावाच्या रॅपरच्या गाण्यातून हे आकडे आले, सहा फूट सात इंच उंचीच्या लमेलो बॉल या बास्केटबॉल खेळाडूच्या व्हिडिओंना चिकटले आणि २०२५ मध्ये डिक्शनरी डॉट कॉमनं त्यांना वर्षाचा शब्द ठरवलं. अर्थ काय, तर काही नाही. माझ्या बहिणीला याचा विलक्षण ताप झाला होता. मला वाटतं, अर्थ नसणं हीच त्याची सोय होती. अर्थ असता तर आईनं तो शोधून काढला असता. दिवसरात्र मोठ्यांच्या नजरेखाली, फोनवर लोकेशन चालू ठेवून वाढणाऱ्या पोरांना चार भिंती हव्या असतील, तर त्यांनी त्या दोन आकड्यांच्या बांधल्या.

भिंती पडल्याही लवकर. शिक्षकच वर्गात सिक्स-सेव्हन म्हणू लागले, मग तिचे बाबा म्हणू लागले. जूनमध्ये ती नाशिकला आली तेव्हा मीही स्टेशनातून बाहेर पडता पडता तळवे वर-खाली केले. तिनं दुसरीकडे पाहिलं.

‘‘मामा, प्लीज. ते कधीच संपलं.’’

‘‘बरं, मग आता काय म्हणता तुम्ही?’’

तिनं भावाकडे पाहिलं, भावानं तिच्याकडे. दोघं हसत सुटली आणि रिक्षात बसेपर्यंत काही सांगायला तयार झाली नाहीत.